किर्च्याचा पहिला घास

देब्रे बिरहान गावाच्या वरच्या अंगाला, ब्लँकेटच्या गिरणीमागे जी बारा घरं आहेत, त्यांच्या सणाचा बैल गेली सव्वीस वर्षं तेफेरा वाटत आला. बारा घरांनी मिळून एक बैल घ्यायचा, सणाच्या सकाळी कापायचा आणि त्याचे बारा वाटे करायचे, याला किर्चा म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण कलेजीचा तुकडा प्रत्येक वाट्यात गेला पाहिजे, बरगडी गेली पाहिजे, वशिंडाची चरबीसुद्धा बारा ठिकाणी पडली पाहिजे, आणि एखाद्या वाट्यात हाड जास्त गेलं तर पुढच्या सणापर्यंत ते ऐकून घ्यायची तयारी पाहिजे. किर्च्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं या गावाने पाहिलं आहे. तेफेराच्या वाटपाबद्दल मात्र सव्वीस वर्षांत कोणी ब्र काढला नव्हता.

त्याचं कारण गिरणीत होतं. एकतीस वर्षं तो तिथे लोकर निवडायला बसत असे. जाडी एकीकडे, मऊ एकीकडे, मधली तिसरीकडे, आणि हे सगळं नुसत्या बोटांनी. निवृत्त झाल्यावर बोटांना काम उरलं ते एवढंच, वर्षातून चार-पाच सणांना बैल वाटायचं. बायका परात घेऊन उभ्या असत, पुरुष उकिडवे बसत, आणि तेफेरा कातड्यावर पसरलेल्या ताज्या गवतावर बारा ढिगारे रचत जाई. मग तेफेराचं सोडून प्रत्येक घर आपली खूण द्यायचं, कोणी बटण, कोणी किल्ली, कोणी काडी. खुणा गोळा होईपर्यंत चर्चचे अब्बा मेलाकू पाठ फिरवून उभे असायचे, मग ते वळून एकेक खूण एकेका ढिगाऱ्यावर टाकायचे. ज्या ढिगाऱ्यावर खूण पडली नाही तो वाटणाऱ्याचा. त्यामुळे तेफेराला कोणता वाटा येणार हे त्यालाही ठाऊक नसे, आणि म्हणूनच सगळ्यांचा त्याच्यावर भरवसा होता.

वाटणाऱ्याचा आणखी एक मान असतो, आणि ती जबाबदारीही आहे. बैल सोलून झाला की पहिला तुकडा त्याने कापायचा, तिखटात बुडवायचा आणि सगळ्यांदेखत कच्चा खायचा. तो गिळला की सुरी पुढे चालते. वाटणाऱ्याने खाल्लं म्हणजे बैल निरोगी. त्याने नाही खाल्लं तर काय, हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

तेफेराला साखरेचा आजार असल्याचं आठ वर्षांपूर्वी दवाखान्यात कळलं. त्याने ते घरी येऊन बायकोला, अस्नाकेचला सांगितलं आणि वर बजावलं की हे या चार भिंतींत राहील. आजारी माणसाच्या हातातली सुरी कोणालाच नको असते, असं त्याचं म्हणणं. किर्च्यातल्या लोकांना त्याने पोटाचा त्रास आहे म्हणून सांगितलं, आणि पोटाचा त्रास कोणाला नसतो, म्हणून पुढे कोणी विचारलं नाही.

इलाज त्याने स्वतःच शोधून काढला. आजाराच्या नावातच साखर आहे, तर साखर सोडली की झालं. कॉफीत तो मीठ घालू लागला. मध बंद केला. मांस काही गोड नसतं, तेव्हा उपास नसलेल्या मोकळ्या दिवसांत मांस भरपूर. उपासाच्या दिवसांत, म्हणजे बुधवारी, शुक्रवारी आणि वर्षातल्या त्या लांबलचक उपासांत, तो सगळ्या गावासारखाच डाळींवर आणि इंजेरावर, म्हणजे टेफ या धान्याच्या आंबवलेल्या मोठ्या भाकरीवर असे. त्याचीही त्याला फिकीर नव्हती. उपासाचं अन्न कोणाला बाधतं का?

बाधतं, हे सिस्टर वुबालेमने त्याला सांगितलं. ही दवाखान्यातली नर्स, तिशीची, चेहरा हसरा आणि जीभ धारदार. ख्रिस्तजन्माच्या आधीच्या उपासात तेफेरा गेला तेव्हा साखर आभाळाला भिडली होती.

"गाशे तेफेरा, काल काय खाल्लंत?" तिने विचारलं. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे गाशे म्हणतात, बाईला इतिये.

"उपासाचं. मसूर."

"मसुराबरोबर?"

"इंजेरा."

"किती?"

तेफेराने थोडा विचार केला. "मोजून कोण खातं? चार असतील. पाच."

"पाच इंजेरा!" सिस्टर म्हणाली. "तुम्ही उपास करता की लग्नाला जाता?"

त्याच वेळी तिने लघवी तपासली, आणि मग तिचा सूर बदलला. किडनीतून प्रोटीन गळत होतं. तिने त्याला समजेल असं सांगितलं. टेफचं पीठ चाळायची चाळणी असते, तिची जाळी सैल झाली की जे वर राहायला हवं तेच खाली पडतं, तसं झालंय. मांसाने त्या चाळणीवर फार भार पडतो. तेच बळ मसुरातून, हरभऱ्यातून, वाटाण्याच्या डाळीतून घेतलं तर भार कमी. मांस सोडा, डाळी धरा आणि इंजेरा एक. एक म्हणजे एक.

तेफेराने मान हलवली. घरी आला. गेन्नाच्या सणाला, ख्रिस्तजन्माच्या सकाळी, त्याने किर्च्याचा पहिला घास खाल्ला, कारण तो खावाच लागतो. मग हात आपोआप कलेजीकडे गेला. मग पुठ्ठ्याच्या मांसाकडे. दुपारी शेजारच्या निगातूच्या घरी बसला, तिथे पुन्हा कच्चं मांस आणि घरची बीअर. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याला अंगणातल्या दगडावर बसून बूट काढता येईनात, पाय इतके सुजले होते. अस्नाकेचने बुटाच्या नाड्या सोडल्या आणि बूट ओढून काढले. 

पुढच्या तपासणीला गळती वाढलेली निघाली. सिस्टरने या वेळी थट्टा केली नाही. "असंच चाललं तर वर्ष-दोन वर्षांत अदिसला जावं लागेल, मशीनवर," एवढंच म्हणाली. मशीन म्हणजे काय हे तेफेराला विचारावं लागलं नाही. गिरणीत त्याच्या शेजारी बसून लोकर निवडणारा एकजण आठवड्यातून तीनदा त्या मशीनसाठी राजधानीची, अदिसची बस धरायचा. दीड वर्ष त्याने ती बस धरली. नंतर सगळी गिरणी त्याला पोचवायला गेली होती.

तेव्हा तेफेरा घाबरला. मोठ्या उपासाचे पंचावन्न दिवस सुरू होत होते, आणि त्या पंचावन्न दिवसांत त्याने जे केलं ते त्याच्या सगळ्या आयुष्यात केलं नव्हतं. जे ताटात येईल तेवढंच खाल्लं. आमच्याकडे नवरा-बायको एका ताटात जेवतात, त्यामुळे कोणी किती खाल्लं हे देवालाच ठाऊक. अस्नाकेच इंजेरा पसरून बोटाने मधोमध रेघ ओढायची.

"ही हद्द," ती म्हणायची. "पलीकडे पाय टाकायचा नाही."

"पलीकडे मसूर जास्त दिसतोय."

"मसूर हवा तेवढा घ्या. रेघ इंजेराची आहे."

कधी शिरो, म्हणजे डाळीच्या पिठाचं पिठलं, कधी मसूर, कधी वाटाण्याची डाळ, कधी उकडलेला बाकला. दवाखान्याच्या गोळ्या घेणाऱ्याने दुपारपर्यंत पोट रिकामं ठेवायचं नाही, हे अब्बा मेलाकूंनी सगळ्यांनाच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सकाळी तो मूठभर भाजलेले हरभरे खाऊन घेई. उपास संपायच्या आधीच्या गुरुवारी तपासणी झाली. गळती उतरली होती. पायांची सूज गेली होती. सिस्टरने कागद दोनदा पाहिला.

"हेच तीन महिने चालू ठेवा," ती म्हणाली. "हामले महिन्यात या. तेव्हाही एवढंच राहिलं, तर मशीनचं नाव मी काढणार नाही. आणि मध्येच गेन्नासारखं केलंत, तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

"सिस्टर, रविवारी फासिका आहे."

"ठाऊक आहे. माझ्याही घरी कोंबडा बांधून ठेवलाय."

अडचण कोंबड्याची नव्हती. फासिका म्हणजे पुनरुत्थानाचा सण, आणि त्यानंतरचे पन्नास दिवस उपास करायलाच मनाई आहे. बुधवारही मोकळा, शुक्रवारही मोकळा. त्या दिवसांत ज्याच्या घरातून तेलातल्या मसुराचा वास येतो, त्याच्याकडे लोक विचारायला येतात, कोण गेलं? तेफेरा सरळ अब्बा मेलाकूंकडे गेला. अब्बा त्यांच्या घराचे गुरू, पापं ऐकणारे आणि प्रायश्चित्त देणारे. वय सत्तरीच्या पुढे, दात चार. चर्चच्या भिंतीला टेकून ऊन खात बसले होते.

"अब्बा, मला पन्नास दिवसांत उपास करायचाय."

"करता येणार नाही, लेका."

"करावाच लागणार आहे."

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही किडन्यांसकट. मग बराच वेळ काठीने माती उकरत राहिले.

"मसूर खायला मनाई कुठे आहे?" ते शेवटी म्हणाले. "मनाई उपासाला आहे. मसुरात चमचाभर मसाल्याचं तूप घाल. तूप पडलं की उपास मोडला. मग बस खात. तुझा देवही खूश, तुझी सिस्टरही खूश."

"चमचाभर?"

"चमचाभर म्हटलंय. डबाभर नव्हे."

तेफेरा हलका होऊन घरी आला आणि अस्नाकेचला हे सगळं सांगितलं. ती खळखळून हसेल असं त्याला वाटलं होतं. ती मसूर निवडत होती, निवडतच राहिली.

"आणि रविवारचा घास?" तिने विचारलं.

"एक घास. एका घासाने काय होतंय?"

"गेन्नालाही एकच होता."

 घासाने काही होत नाही हे खरं होतं. पण त्या घासानंतर त्याचा हात त्याचा राहत नाही, हेही खरं होतं, आणि ते त्याच्याइतकंच तिलाही ठाऊक होतं. सांगून टाकावं तर सुरी जाणार. आठ वर्षं लपवलेलं एका सकाळी बाहेर येणार. त्याने ठरवलं की एकच घास खायचा आणि हात मागे बांधून ठेवायचे. असं आपण किती वेळा ठरवलंय, हे त्याने मोजलं नाही.

फासिकाच्या सकाळी धुकं लवकर उतरलं. बैल तांबडा होता, निगातूने हाटात स्वतः निवडून आणलेला. निगातू शेजारचाच, तेफेरापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि सुरीवर त्याचा डोळा आहे हे तो कधी लपवत नसे. किर्च्यातले सर्वांत वडील गाशे बेझाबिह दगडावर बसले होते. अब्बा मेलाकू आशीर्वाद देऊन बाजूला उभे होते, खुणा टाकायला थांबलेले. बायका परात घेऊन कुंपणाशी होत्या. पंचावन्न दिवस सगळ्यांनी डाळ खाल्ली होती आणि सगळे खूश होते.

"गाशे, बैल बघा," निगातू म्हणाला. "असा बैल या गल्लीत आला नव्हता. मागच्या खेपेला तुम्ही आणलात तो बैल होता की बकरा?"

"बकराच होता," कोणीतरी म्हणालं. "म्हणून तर तू दोनदा वाढून घेतलंस."

तेफेराने कातडं सोललं. पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, अंगठ्याएवढा. मांस खरंच सुरेख होतं, लालभडक, गरम, वाफ निघत होती. एका पानावर तिखट ठेवलं होतं. त्याने तुकडा तिखटात बुडवला आणि तोंडापर्यंत आणला. त्याला भूक लागली होती, आणि ती नुसत्या पोटाची नव्हती. जीभ, घसा, बोटं, सगळ्यालाच लागली होती. इतकी भूक एका घासावर थांबणार नाही हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं. त्याने तुकडा पुन्हा पानावर ठेवला आणि बैलाची मांडी सोडवायला सुरुवात केली.

सुरी दोनदा चालली असेल नसेल, तोच बेझाबिह म्हणाले, "तेफेरा, विसरलास."

"विसरलो नाही."

"मग?"

तेफेरा कापत राहिला.  एका बाईने आपली परात उचलून काखेत घेतली. तिचं बघून दुसरीने घेतली. निगातू उठला.

"बैलात खोट आहे का?"

"नाही."

"मग खा. हा बैल मी निवडलाय. बारा घरांसमोर मला खोटं पाडता?"

"तुला कोणी खोटं पाडलं नाही, निगातू. बैल चांगला आहे."

"चांगला आहे तर खा की." निगातूने पानावरचा तुकडा उचलला आणि तेफेराच्या तोंडाशी आणला. आमच्याकडे हाताने भरवलेला घास नाकारत नाहीत. नाकारला तर भरवणाऱ्याचा हात झिडकारल्यासारखं होतं. "तोंड उघडा, गाशे."

तेफेराने तोंड उघडलं नाही. निगातूचा हात तसाच राहिला. सगळे बघत होते, आणि ज्याच्या हाताकडे बघतायत तो निगातू लालबुंद झाला होता.

"बैल निरोगी आहे," तेफेरा म्हणाला. "निरोगी मी नाही. आठ वर्षं मला साखर आहे. आता किडनीतून गळायला लागलंय. दवाखान्यात मांस बंद सांगितलंय. एक घास खाल्ला तर मी थांबणार नाही, मला माझं माहीत आहे. म्हणून खात नाही."

 बेझाबिहनी डोक्यावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं, "तुझं ऐकून वाईट वाटलं. पण जो खात नाही तो वाटत नाही. हे तुझ्या-माझ्या आधीपासून आहे."

"ठाऊक आहे, गाशे."

तेफेराने सुरी गवतावर पुसली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आणि कातड्याच्या कडेला ठेवली. आठ वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते झालं, आणि त्याला सुरी पुसायला लागतो तेवढाच वेळ लागला. त्याला रडू आलं नाही. हात मात्र कुठे ठेवावे ते कळेना.

"मी खाते," कुंपणाकडून आवाज आला.

अस्नाकेचने परात खाली ठेवली होती आणि ती चालत पुढे येत होती. कोणीतरी हसलं.

"इतिये, तुमचा वाटा घरी शिजवून खा," निगातू म्हणाला. "हे पुरुषांचं काम आहे."

"वाटा कोणाच्या नावावर पडतो, निगातू? माणसाच्या की घराच्या?"

"घराच्या."

"सुरी कोणाच्या घरात आहे सव्वीस वर्षं?"

"तुमच्या."

"मग त्या घरातलं मी खाते. तुझ्या बैलाला काही झालं असेल तर मी मरेन, तू नाही. आणखी काय पाहिजे?"

निगातूने बेझाबिहकडे पाहिलं. बेझाबिहनी अब्बांकडे पाहिलं. अब्बा मेलाकू इतका वेळ दुसरीकडे बघत उभे होते, जसं काही ते फक्त खुणा टाकायला आले आहेत.

"अब्बा," अस्नाकेच म्हणाली, "आमचं लग्न चर्चमध्ये कुर्बानचा प्रसाद घेऊन झालंय. देहाचं काय म्हटलं होतं ते सांगा यांना."

"दोघांचा एक देह, असं म्हटलंय," अब्बा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी भर घातली, "त्यातून पोट वगळल्याचं माझ्या वाचनात नाही."

बेझाबिह हसले. मग बाकीचेही हसले, निगातू सोडून. बेझाबिहनी सुरीकडे हनुवटी केली, म्हणजे उचल.

तेफेराने सुरी उचलली नाही. तो बायकोकडे बघत होता. अडतीस वर्षांच्या संसारात अस्नाकेचने कच्च्या मांसाला तोंड लावलं नव्हतं. त्याच्यासाठी ती ते कापून द्यायची, तिखट कालवून द्यायची आणि स्वतः तोंड फिरवून बसायची. लहानपणी तिच्या घरी एकदा काहीतरी झालं होतं, काय ते तिने कधी सांगितलं नाही. इथे हे ठाऊक असलेला तो एकटाच माणूस होता.

"अस्नाके, नको," तो हळूच म्हणाला.

"भरवा," ती म्हणाली. "लोक थांबलेत."

त्याने नवा तुकडा कापला, होईल तेवढा छोटा. तिने तो बघितला आणि मान हलवली, एवढा नाही चालणार. मग त्याने नेहमीएवढा कापला, तिखटात बुडवला आणि तिला भरवला. ती चावत राहिली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. सगळ्यांदेखत तिने तो गिळला, गिळताना तिचा गळा एकदा अडला, आणि ते फक्त त्याला दिसलं. त्याला इतकी लाज वाटली आणि ती इतकी आवडली की त्याला मान वर करता येईना.

"चांगला आहे बैल," ती म्हणाली. "कापा आता."

तेफेराने बैल वाटला. बारा ढिगारे झाले आणि त्यावर कोणी ब्र काढला नाही. त्या दिवशी घरी त्याने मसूर खाल्ला, चमचाभर तूप घालून. अस्नाकेचने जेवण टाळलं आणि एकामागून एक तीन कप कॉफी घेतली. पित्त झालंय, म्हणाली.

पुढचे पन्नास दिवस सरळ गेले असं नाही. आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं, त्यामुळे जो भेटेल तो सल्ला द्यायचा. कोणी कडू पानांचा रस सांगितला, कोणी झरा सांगितला. ज्यांना सल्ला सुचला नाही त्यांनी टोमणे मारले. गावात मांस शिजत होतं आणि तेफेराच्या घरातून शिरोचा वास येत होता.

"काय गाशे, सुतक कोणाचं?"

"बैलाचं," तेफेरा म्हणायचा.

दोनदा त्याचा तोल गेला. एकदा कोणाच्या तरी बारशाला त्याने भाजलेलं मांस खाल्लं, पोटभर, आणि घरी येऊन स्वतःहून सांगितलं. अस्नाकेचने दुसऱ्या दिवशी रेघ थोडी आत ओढली, एवढीच शिक्षा. पन्नास दिवस संपता संपता निगातू एकदा गल्लीत भेटला. इकडेतिकडे बघून त्याने विचारलं, त्या सिस्टरचा वार कुठला असतो? तेफेराने गुरुवार सांगितला आणि का ते विचारलं नाही.

हामले महिन्यात दोघं दवाखान्यात गेली. चिखल होता, अस्नाकेचने डोक्यावरून जाड शाल घेतली होती. सिस्टर वुबालेमने कागद आणला. गळती वाढली नव्हती. फासिकाआधीच्या गुरुवारी होती त्याहून थोडी कमीच होती.

"मशीनचं नाव काढत नाही," सिस्टर म्हणाली. "आणखी तीन महिन्यांनी या. पन्नास दिवसांत कसं जमवलंत?"

"जमलं," तेफेरा म्हणाला.

तो उठला, पण अस्नाकेच उठली नाही. तुम्ही बाहेर बसा, म्हणाली. तो दाराशी जाऊन थांबला. दार लाकडी, फटीफटीचं, आणि सिस्टरचा आवाज मोठा.

"फितीसारखे पांढरे तुकडे? किती दिवस झाले? तीन आठवडे? आणि आज सांगताय?" मग ती हसली. "इतिये, हा तर फितीचा जंत आहे. कच्चं मांस खाणाऱ्यांचा. तुम्ही कधीपासून खायला लागलात?"

"फासिकाला खाल्लं," अस्नाकेच म्हणाली. "एकदाच."

तेफेरा दाराशी उभा राहिला. त्याला स्वतःला हा जंत आयुष्यात दहा वेळा झाला असेल. गावात प्रत्येक पुरुषाला होतो, गोळी घेतात आणि पुन्हा मांस खातात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण तीन आठवडे ती हे घेऊन त्याचा शिरो घोटत होती, रेघ ओढत होती, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. त्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. सिस्टरला सांगावंसं वाटलं की तो घास हिचा नव्हता, माझा होता. 

परतताना चढावर ती दम घ्यायला थांबली.

"उपास तुम्ही केलात," ती म्हणाली, "आणि जंत मला झाला. अब्बांना विचारायला पाहिजे, एका देहात हे कसं बसतं."

तिच्या मुठीत गोळ्यांच्या दोन पुड्या होत्या. तेफेराने त्या बघितल्या.

"दोन कशाला? एकदाच घ्यायची असते. मला माहीत आहे."

"एक आजची."

"आणि ही?"

"मस्केलच्या सणानंतरची," अस्नाकेच म्हणाली. "मस्केलला बैल आहे ना. पुन्हा एवढ्या लांब कोण येतंय चिखलातून? मागून ठेवली."

ती पुन्हा चालायला लागली. तेफेरा तिथेच उभा राहिला. मग मोठ्या पावलांनी तिला गाठून त्याने ती दुसरी पुडी तिच्या हातातून काढून घेतली. ती काय म्हणाली ते त्याने ऐकलं नाही. तिला घराच्या वळणाशी सोडून तो तसाच चिखलाच्या बुटांनी गाशे बेझाबिहच्या दारात गेला.

बेझाबिह चुलीशी बसले होते. त्यांनी बस म्हटलं. तो बसला नाही.

"मस्केलपासून पहिला घास निखाऱ्यावर भाजून होईल," तेफेरा म्हणाला. "अस्नाकेच खाईल, पण भाजलेला."

"भाजून? मग त्याला पहिला घास कसं म्हणायचं? मांस कच्चं असतानाच कळतं. हे तूच सगळ्यांना शिकवलंस."

"शिकवलं खरं."

"लोक ऐकणार नाहीत."

"नाही ऐकलं तर सुरी निगातूला द्या. त्याला मी कापायला शिकवीन, पण ती कच्चं खाणार नाही."

बेझाबिहनी चुलीतलं लाकूड आत सारलं. विचारून बघतो, म्हणाले, दोन दिवस लागतील. तेफेरा म्हणाला, तुम्ही सावकाश विचारा, माझं ठरलंय. मग तो उतारावरून पुन्हा खाली गेला, दवाखाना बंद व्हायच्या आत पोचला आणि ती पुडी सिस्टरच्या टेबलावर परत ठेवून आला.